जिद्दा विमानतळ ते मक्का : लहान मुलं सोबत असतील तर

मक्का शरीफला स्वतःचं विमानतळ नाही. मुंबईहून उमराहला निघालेलं कुटुंब उतरतं ते जिद्द्यात, किंग अब्दुलअझीझ आंतरराष्ट्रीय विमानतळावर. तिथून हरम शरीफ साधारण ९० ते १०० किलोमीटर. मुंबईहून लोणावळ्याला जावं तेवढंच म्हणा ना. पण त्याआधी पाच-साडेपाच तासांचा विमानप्रवास झालेला असतो, त्याआधी मुंबई विमानतळावरचे तीन-चार तास, आणि त्याच्याही आधी रत्नागिरीहून, औरंगाबादहून किंवा सोलापूरहून मुंबई गाठण्यात गेलेली एक रात्र. एवढं सगळं अंगावर घेऊन आलेल्या दोन वर्षांच्या लेकराला हे शेवटचे १०० किलोमीटर सगळ्यात जड जातात. आणि लेकराला जड गेले की अम्मीला त्याहून जड जातात.

उमराहची माहितीपुस्तकं, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफ, एजंटांची शिबिरं, या सगळ्यांत तवाफ कसा करायचा, सई कशी करायची हे नीट समजावलेलं असतं. विमान टेकल्यापासून हॉटेलच्या खोलीचं दार उघडेपर्यंत जे पाच-सहा तास जातात त्यांच्याबद्दल मात्र ‘बसने मक्क्याला रवानगी’ एवढी एकच ओळ असते. मोठ्या माणसांचं त्यावर भागतं. कडेवर एक आणि बोटाला धरून एक अशी मुलं असतील तर भागत नाही.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. मुलं सोबत असतील तर सगळ्यात वेगवान वाहन शोधू नका. ज्यात सगळ्यात कमी वेळा चढ-उतार करावी लागेल असं वाहन शोधा. आणि पोहोचल्या पोहोचल्या त्याच रात्री उमराह करायचाच, हा हट्ट सोडा.

घाई नेमकी कशाची?

हा हट्ट येतो तो एहराममुळे. आपण भारतातून थेट जिद्द्याला जातो तेव्हा विमान मीकातची हद्द ओलांडण्याआधी एहरामची नियत करावी लागते. विमानात तशी सूचनाही देतात. एकदा नियत झाली, तलबिया सुरू झाली की उमराह पूर्ण होईपर्यंत एहरामची बंधनं राहतात. त्यामुळे घरातल्या मोठ्यांना वाटतं की आता थांबायचं कशाला, सामान खोलीत टाका आणि चला हरमला.

पण एहरामच्या हालतीत झोपता येतं, जेवता येतं, बिनवासाच्या साबणाने आंघोळ करता येते. रात्रभर आराम करून फजरनंतर किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी उमराह केला तर त्यात काही उणेपणा नाही. मुलाच्या रडण्याचा आवाज आला की त्याच्या आईच्या काळजीने नबी करीम सल्लल्लाहु अलैहि व सल्लम नमाज थोडक्यात आटोपत असत, हे सहीह बुखारीत आलेलं आहे. आईच्या जिवाची इतकी कदर ज्या दीनमध्ये आहे, त्यात रात्री एक वाजता तापाने फणफणलेलं मूल घेऊन मताफमध्ये उतरायची सक्ती कुठून येणार?

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. घाई झाली की प्रत्यक्षात काय होतं? अब्बा, दादा, चाचा लगेच उमराहला निघतात आणि अम्मी मुलांना घेऊन खोलीत थांबते. ‘तू उद्या कर’ म्हणतात. दुसऱ्या दिवशी पुरुष एहरामातून मोकळे झालेले, झोपलेले. ती मात्र अजून एहरामातच, रात्रभर जागी. पहिल्यांदा काबा शरीफवर नजर पडते तो क्षण प्रत्येकाला एकदाच मिळतो, आणि तो तिला गर्दीत, पेंगत, एकटीने मिळतो. वर्षानुवर्षं पैसे साठवून केलेल्या सफरमध्ये असं होऊ नये यासाठीच पहिल्या दिवसाचा हिशेब घरी बसून करायचा.

हिशेबाची सुरुवात विमानाच्या वेळेपासून करा. सौदीचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. तिथे रात्रीचे नऊ म्हणजे मुलाच्या पोटात आणि डोळ्यांत साडेअकरा. मक्क्यातली बहुतेक हॉटेलं दुपारी चारच्या सुमारास खोली देतात. म्हणजे सकाळी आठला जिद्द्यात उतरणारं विमान स्वस्त मिळालं म्हणून घेतलं तर तुम्ही अकरा-बाराला हॉटेलच्या लॉबीत पोहोचाल आणि चारपर्यंत मुलांना सोफ्यावर लोळवत बसाल. दुपारी बारा-एकच्या सुमारास उतरणारं विमान असेल तर विमानतळावरचे दीड-दोन तास आणि रस्त्यावरचा सव्वा-दीड तास धरून चार-पाच वाजता खोली हातात येते. ही वेळ आम्हाला सगळ्यात बरी वाटते. सकाळचंच विमान घ्यावं लागलं तर आदल्या रात्रीचं भाडं भरून खोली आधीच घ्यावी, किंवा हॉटेलला लिहून लवकर चेक-इन मिळतं का विचारावं. तिकिटात वाचवलेले पैसे इथे जातात, हे एजंट आपणहून सांगत नाही.

सुट्टीचंही पाहायला हवं. शाळेची मोठी सुट्टी मे महिन्यात, पण सध्या हजचा मोसमही मे-जूनच्या आसपास येतो आणि हजच्या काही आठवडे आधीपासून बाहेरून उमराहसाठी येणाऱ्यांना प्रवेश बंद होतो. त्यामुळे शाळकरी मुलं असलेल्यांना दिवाळी आणि डिसेंबर एवढ्याच सुट्ट्या उरतात. ऊन कमी असतं, हा त्यातला फायदा.

उतरायचं कुठे, ते तिकिटावर पाहा

जिद्दा विमानतळ म्हणजे एक इमारत नाही. नवं टर्मिनल १ आहे, उत्तर टर्मिनल आहे आणि हज टर्मिनल आहे. तंबूंसारख्या पांढऱ्या छतांचं ते हज टर्मिनल फोटोत बहुतेकांनी पाहिलेलं असतं. त्याच्या रचनेमागचे इंजिनियर फझलुर रहमान खान हे ढाक्यात जन्मलेले, आणि त्या कामाला १९८३ मध्ये आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. मोठ्या मुलांना सांगायला चांगली गोष्ट आहे.

भारतातून जाणाऱ्या सगळ्या विमान कंपन्या एकाच टर्मिनलवर उतरत नाहीत. हा तपशील क्षुल्लक वाटतो, पण पुढचा सगळा बेत त्यावर ठरतो, कारण रेल्वे स्टेशन टर्मिनल १ ला लागून आहे. उत्तर टर्मिनलवर उतरलात तर सामानासकट आधी टर्मिनल १ गाठावं लागतं. ते चालत जाण्यासारखं नाही. शटल बस किंवा टॅक्सी करावी लागते. म्हणजे मुलांना उठवणं, बॅगा चढवणं-उतरवणं हे सगळं एकदा जास्तीचं.

टर्मिनल १ मोठं, स्वच्छ आणि चांगलं आहे, पण चालायला खूप लावतं. विमानाच्या दारापासून इमिग्रेशनपर्यंतचं अंतर थकलेल्या चार वर्षांच्या मुलाला झेपत नाही. बाबागाडी मुंबईत विमानाच्या दाराशी दिली तरी जिद्द्यात ती दाराशीच परत मिळेल असं धरून चालू नका. बऱ्याचदा ती सामानाच्या पट्ट्यावर येते. म्हणून अंगाला बांधायची कांगारू बॅग हाताशीच ठेवा. एहराममध्ये पुरुषांनी ती बांधावी का, असा प्रश्न काही जण विचारतात. आपल्या मौलानांना निघण्याआधीच विचारून घ्या, म्हणजे तिथे रांगेत वाद होत नाही. एहरामची चादर खांद्यावरून सरकते आणि मूल तीच धरून ओढतं, त्यामुळे कमरेला पट्टा घट्ट हवा आणि मूल शक्यतो दोन्ही हातांनी उचलायची तयारी हवी. बॅगा ट्रॉलीवर, मूल अंगावर, पासपोर्ट गळ्यातल्या पाकिटात. हातात काही नको.

इमिग्रेशनला बोटांचे ठसे आणि फोटो होतात. रांग लांब असेल तर तिथल्या कर्मचाऱ्याला मूल दाखवून विचारायला संकोच करू नका. लहान मुलं असलेल्यांना पुष्कळदा पुढे घेतात. सामान घेऊन बाहेर आलात की टर्मिनल १ मध्ये एक भलंमोठं मत्स्यालय दिसतं. मुलं तिथे आपोआप थांबतात. तेवढ्यात एका मोठ्या माणसाने सिमकार्ड घ्यावं (पासपोर्ट लागतो, पुन्हा ठसा द्यावा लागतो), दुसऱ्याने डायपर बदलून घ्यावा, वुजू करून नमाज पढून घ्यावी. विमानतळावर नमाजच्या खोल्या आहेत. आपल्या कोकणातल्या शाफई कुटुंबांना सफरमध्ये जुहर-असर किंवा मगरिब-इशा एकत्र करण्याची सवलत आहे, तिचा इथे खरा उपयोग होतो. हनफी कुटुंबांनी मात्र प्रत्येक नमाजची वेळ पाहून निघायचं, नाहीतर मगरिब महामार्गावर गाठते.

डायपरवरून आठवलं. आपल्याकडे मिळणारे बहुतेक वाइप्स सुगंधी असतात, बेबी पावडर आणि लोशनही. एहराममध्ये असलेल्या अम्मी-अब्बांनी सुगंध टाळायचा असतो, आणि मुलाला पुसताना तो हाताला लागतोच. बिनवासाचे वाइप्स मुंबईतच घेऊन ठेवा. हात धुण्याच्या साबणाचंही तेच. मुलाचा एहराम हा तर वेगळाच विषय. लहान मुलावर उमराह फर्ज नाही. पालकांनी त्याच्या वतीने नियत केली तर मुलाचा उमराह होतो आणि पालकांनाही सवाब मिळतो. पण मग मुलाने बंधन मोडलं तर काय, याचे तपशील हनफी आणि शाफई मसलकांत वेगळे आहेत. निघण्याआधी आपापल्या आलिमांशी बोलून ठरवा. तान्ह्याला दुपट्यात गुंडाळून नेणं आणि पाच वर्षांच्या मुलाला थंड एसीत दोन चादरींवर बसवणं यात फरक आहे.

रेल्वे : वेगवान, पण दारापर्यंत नाही

हरमैन एक्स्प्रेस रेल्वेचं कौतुक आपल्याकडे खूप ऐकू येतं आणि ते खरंही आहे. मक्का ते मदिना सुमारे ४५० किलोमीटरचा हा मार्ग २०१८ मध्ये सुरू झाला. गाडी ताशी ३०० किलोमीटरपर्यंत पळते. विमानतळ स्टेशनवरून मक्का पाऊण-एक तासात येतं. डबा स्वच्छ, शौचालय जवळ, मुलाला कुशीत घेऊन दोन पावलं फिरता येतं. ज्या मुलांना गाडी लागते, मोटारीत बसलं की उलटी होते, त्यांच्यासाठी तर रेल्वे नियामत आहे.

अडचण शेवटी आहे. मक्क्याचं स्टेशन रुसैफा भागात, हरमपासून साधारण चार किलोमीटरवर आहे. तिथून पुन्हा टॅक्सी किंवा बस करायची. म्हणजे विमानतळावर ट्रॉलीतून सामान उतरवून गाडीत चढवलं, मक्क्यात उतरवलं, स्टेशनबाहेर आणलं, टॅक्सीत भरलं आणि हॉटेलपाशी पुन्हा उतरवलं. तोवर मूल दोनदा झोपून दोनदा उठलेलं असतं. मुलं सांभाळणारे जास्त हात असतील, बॅगा कमी असतील, तर हे जमतं. दोन मुलं, दोन मोठे आणि चार बॅगा असं गणित असेल तर रेल्वेने वाचलेला अर्धा तास या चढ-उतारीत जातो आणि वर दमणूक होते ती वेगळी.

तिकीट आधी ऑनलाइन काढायचं तर विमान उतरण्याच्या वेळेनंतर किमान तीन तासांनी सुटणारी गाडी घ्या. विमान उशिरा आलं तर रेल्वे थांबत नाही. गुरुवार संध्याकाळ, शुक्रवार-शनिवारची तिथली सुट्टी आणि रमजान यांत ऐनवेळी जागा मिळणं कठीण होतं. आणखी एक गैरसमज दूर करतो. मीना, अरफात, मुझदलिफा या भागात धावणारी मशाइर मेट्रो वेगळी. ती फक्त हजच्या दिवसांत चालते आणि विमानतळाशी तिचा काही संबंध नाही.

टॅक्सी आणि मोठी गाडी

लहान मुलं असलेल्या कुटुंबासाठी आमचा कौल गाडीलाच आहे. विमानतळाच्या दारात एकदा बसायचं ते हॉटेलच्या दारात उतरायचं. मूल झोपलं तर झोपू द्यायचं. भाडं रेल्वेपेक्षा जास्त असतं असं वाटतं खरं, पण चार-पाच जणांची रेल्वे तिकिटं आणि पुढची टॅक्सी यांची बेरीज केली तर फरक तेवढा राहत नाही.

गाडीचा आकार आधी ठरवा. साध्या कॅम्रीसारख्या गाडीत दोन मोठे, दोन मुलं, चार बॅगा आणि बाबागाडी बसत नाही, बसवली तर एक बॅग कुणाच्या तरी मांडीवर येते. दादी-नानी सोबत असतील तर सात-आठ आसनी व्हॅन किंवा तिथे सगळे जिला ‘जीएमसी’ म्हणतात ती मोठी गाडी घ्या. हॉटेलमार्फत किंवा खात्रीच्या माणसाकडून ती आधी बुक करता येते. ड्रायव्हरचं नाव, गाडीचा नंबर आणि भाडं व्हॉट्सॲपवर लेखी मागून घ्या. विमान उशिरा आलं तर थांबण्याचे पैसे वेगळे का, तेही विचारा.

आधी बुक केली नसेल तर बाहेर अधिकृत टॅक्सीची रांग असते. उबर आणि करीमही चालतात. टाळायचं ते आतच भेटणाऱ्या माणसांना. बाहेर पडताना कुणीतरी उर्दूत ‘हाजीसाब, मक्का?’ म्हणत ट्रॉलीला हात घालतो. आपली भाषा ऐकून बरं वाटतं. त्याच्याकडे परवाना नसेल तर भाडं रस्त्यात वाढतं, किंवा गाडी भरायला आणखी दोन प्रवासी येईपर्यंत मुलांना उन्हात पार्किंगमध्ये बसवून ठेवलं जातं. विनापरवाना प्रवासी नेणं तिथे गुन्हा आहे, आणि वाटेत पोलिसांनी अडवलं तर खोळंबा तुमचाच होतो. नम्रपणे ‘नाही’ म्हणा आणि रांगेकडे चालू लागा.

लहान मुलांसाठी सुरक्षा सीट वापरावी असा सौदी वाहतुकीचा नियम आहे, पण टॅक्सीत ती मिळेलच असं नाही. आधी बुक करताना मागा. बऱ्याच विमान कंपन्या मुलाची कार सीट सामानाच्या वजनात धरत नाहीत, म्हणून ज्यांच्याकडे आहे त्यांनी ती घेऊन जायला हरकत नाही. काहीच नसेल तर निदान मुलाला पुढच्या सीटवर मांडीवर घेऊन बसू नका. हा महामार्ग सरळ आणि रुंद आहे, आणि गाड्या आपल्या एक्स्प्रेस वेपेक्षा जोरात पळतात. मागे बसा, स्वतः पट्टा लावा, मोठ्या मुलालाही लावा.

एजंटच्या बसबद्दल

पॅकेजमध्ये ‘ट्रान्सपोर्ट सहित’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ बहुतेक वेळा सामायिक बस. वाईट नसते, एसी असतो, सामान खाली पोटात जातं. पण ती सगळा ग्रुप बाहेर येईपर्यंत सुटत नाही. एकाची बॅग आली नाही, एकाचा पासपोर्ट तपासायला घेतला, की ५० माणसं थांबतात. मक्क्यात पोहोचल्यावर ती हॉटेल-हॉटेल फिरते, आणि तुमचं हॉटेल शेवटचं असेल तर हरमचे मिनार खिडकीतून दिसत असूनही तासभर बसमध्येच जातो. पैसे भरण्याआधी एजंटला तीन गोष्टी विचारा. बस किती जणांची, जास्तीत जास्त किती वेळ थांबवतील, आणि स्वतंत्र गाडी घ्यायची तर पॅकेजमधून किती पैसे कमी होतील. तिसऱ्या प्रश्नावर बरेच जण गप्प होतात. तरी विचारावा.

बसने जाणार असाल तर एसीचा विचार करा. दोन चादरींत बसलेले अब्बा आणि घामाने भिजून आलेलं मूल, दोघांनाही थंडी वाजते. हँडबॅगेत एक पातळ ब्लँकेट, थर्मासमध्ये गरम पाणी, दुधाची बाटली, बिस्किटं, केळं, दोन प्लास्टिक पिशव्या आणि मुलाचा कपड्यांचा एक जोड हवा. मोठ्या बॅगेत ठेवलेलं काहीही या प्रवासात उपयोगाचं नाही.

२०२३ मध्ये टर्मिनल १ वरून एहराममधल्या प्रवाशांसाठी हरमपर्यंत मोफत बस जाहीर झाली होती. एकट्या-दुकट्या माणसासाठी सोय उत्तम. पण तिच्या फेऱ्या ठरावीक वेळांच्या, दोन-दोन तासांच्या अंतराने, आणि ती हरमपाशी सोडते, हॉटेलपाशी नाही. बॅगा आणि मुलं घेऊन हरमच्या गर्दीत उतरण्यात शहाणपण नाही.

रस्त्यात आणि शेवटच्या वळणावर

जिद्दा सोडल्यावर दोन्हीकडे वाळवंट आणि काळे डोंगर. मुलं ‘अजून किती?’ विचारायला लागली की त्यांना सांगा, रस्त्यावर एक प्रचंड रिहाल येणार आहे, त्यावर उघडा कुरआन आहे, आधी कोण पाहतं बघू. मक्का गेट ते हेच. सौदी कलाकार जिया अझीझ जिया त्याचे रचनाकार. त्याच्या खालून गाड्या जातात. याच मार्गावर तपासणी नाका आहे आणि गैरमुस्लिमांसाठी रस्ता बाजूला वळतो. पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत ड्रायव्हरच्या मागे बसलेल्याच्या हाताशी असू द्या. बॅगेच्या तळातून काढताना झोपलेली मुलं उठतात.

मक्क्यात शिरल्यावर खरी कसोटी शेवटच्या एक-दोन किलोमीटरची. नमाजच्या वेळेला हरमच्या आसपासचे रस्ते बंद करतात, जुमाला आणि रमजानमध्ये तर फार आधीपासून. मगरिब आणि इशाच्या मध्ये पोहोचलात तर इब्राहीम खलील रोड किंवा अजियादच्या हॉटेलपर्यंत गाडी जाईलच असं नाही. ड्रायव्हर म्हणेल, ‘बस, यहीं उतरो.’ मग बॅगा ओढत, मुलं उचलून, नमाजहून परतणाऱ्या लोंढ्याच्या उलट्या दिशेने चालायचं. हे टाळायचं तर डिसेंबरात साडेपाचच्या आत खोलीत पोहोचण्याचा बेत करा, नाहीतर सरळ इशानंतर तासाभराने. वाटेत असाल आणि वेळ चुकणार असं दिसलं तर शहराबाहेर पेट्रोल पंपावर थांबून मुलांना खाऊ घाला, नमाज पढा. अर्धा तास तिथे घालवलेला परवडतो.

हॉटेल अझीझिया भागात असेल तर ही अडचण कमी, कारण ते हरमपासून काही किलोमीटर लांब आहे आणि गाडी दारापर्यंत जाते. मात्र रोज हरमला ये-जा करण्यासाठी शटल बसच्या वेळा पाळाव्या लागतात. तान्ही मुलं असणाऱ्यांनी थोडे पैसे जास्त देऊन, दिवस कमी करून जवळचं हॉटेल घ्यावं असं आमचं मत. १५ दिवस लांब राहण्यापेक्षा आठ दिवस जवळ राहिलेलं मुलांना आणि अम्मीला मानवतं.

आधी मदिना केलं तर?

हा पर्याय फार थोडे जण विचारात घेतात. मुंबईहून मदिन्याला विमान मिळत असेल तर पहिला मुक्काम तिथे करा. तिथलं विमानतळ मस्जिद-ए-नबवीपासून गाडीने अर्ध्या तासाच्या आत, शहर शांत, रस्ते सपाट. आणि थेट मदिन्याला जाणाऱ्यांना विमानात एहराम बांधावा लागत नाही, म्हणजे पहिल्या दिवशी वाइप्सची, चादरीची, कसलीच धास्ती नाही. तीन-चार दिवसांत मुलांची झोप आणि पोट तिथल्या घड्याळाला लागतं. मग जुल हुलैफाच्या मीकातवर एहराम बांधून ताज्या दमाने मक्क्याला. जिद्द्याचंच तिकीट असेल तरी विमानतळ स्टेशनवरून मदिन्याची रेल्वे सुमारे दोन तासांत पोहोचते; या लांबच्या टप्प्यासाठी मात्र रेल्वे गाडीपेक्षा नक्की सरस. एजंटला मार्ग उलटा करायला सांगा. ग्रुप पॅकेजमध्ये कुरकुर करतील, चार कुटुंबांनी मिळून सांगितलं तर करतात.

निघण्याआधी घरीच करायची दोन कामं राहिली. हॉटेलचं नाव आणि पत्ता अरबीत छापून घ्या, कारण इंग्रजी स्पेलिंगवरून ड्रायव्हर भलत्याच हॉटेलला नेतो. मक्क्यात एकाच नावाची तीन-तीन हॉटेलं आहेत. आणि प्रत्येक मुलाच्या मनगटाला पट्टी बांधा. तिच्यावर मुलाचं नाव, हॉटेलचं अरबी नाव आणि देशाच्या कोडसह अम्मी-अब्बा दोघांचे व्हॉट्सॲप नंबर न पुसणाऱ्या शाईने लिहा. ही पट्टी हरमसाठी बांधतात, पण मूल हरवायची पहिली जागा विमानतळावरचा सामानाचा पट्टा असते, जिथे सगळ्यांची नजर बॅगांवर असते. म्हणून ती मुंबईतच बांधा, आणि विमानात चढण्याआधी त्या दिवशीच्या कपड्यांत मुलांचा एक फोटो काढून ठेवा. मक्का आणि जिद्दा दोन्हीकडे कुठल्याही तातडीच्या मदतीसाठी ९११ हाच नंबर लावायचा.